स्टुडिओतला कोट

आमच्या शाळेच्या ऑफिसात आजवरच्या मुख्याध्यापकांच्या तसबिरी ओळीने लावल्या आहेत. पहिले गुरुजी काळी टोपी आणि बंद गळ्याच्या कोटात, मधले तिघे टाय लावलेले, शेवटचे दोघे सफारीत. २०२४ च्या मे महिन्यात मी निवृत्त झाले आणि संस्थेच्या कार्यवाहांचं पत्र आलं : ‘आपले एक चांगले, स्टुडिओत काढलेले छायाचित्र द्यावे. आकार इतरांप्रमाणे.’ ओळीतली मी सातवी, आणि पहिली बाई. आकार कळला, अंगावर काय घालायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं होतं.

ज्याचं त्यानं म्हणजे अर्थात घरातल्या सगळ्यांनी! आमचे हे म्हणाले, ‘‘पैठणी नेस. रोज रोज का भिंतीवर फोटो लागणार आहे?’’ लेक पुण्याला एका कंपनीत आहे. तिथे म्हणे फोटोग्राफरच ऑफिसात येतो आणि सगळ्यांचे एकसारखे फोटो काढून जातो. तिनं फोनवरूनच फर्मान काढलं, ‘‘आई, साडीवर गडद रंगाचा ब्लेझर घाल. प्रोफेशनल दिसतं.’’ जाऊबाईंचं म्हणणं एवढंच, की मंगळसूत्र पदराआड जाता कामा नये. शाळेतल्या शिपाईमामांनी मात्र वेगळंच सुचवलं. ‘‘बाई, ती हिरव्या काठाची सुती नेसा. पोरं ओळखतील तरी.’’

एका फोटोपायी इतका खल कशाला, असं कुणालाही वाटेल. पण मला त्याचं कारण आहे. आमच्या माहेरी भिंतीवर अण्णांचा एकच फोटो आहे, आणि त्यातले अण्णा कोट-टायमध्ये आहेत.

अण्णांनी जन्मात कधी कोट शिवला नाही. साताऱ्याला एका छापखान्यात ते कंपोझिटर होते. केसमधून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, छापून झाली की पुन्हा सोडवून ज्याच्या त्याच्या घरात टाकायची. अंगात खमीस, खाली लेंगा, आणि बोटं शाईनं कायमची काळी. हा फोटो १९७१ सालचा. चार वर्षांनी अण्णा गेले, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दुसरा फोटो नव्हताच, म्हणून त्यालाच हार घातला.

त्या काळातले स्टुडिओ ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल : भिंतीवर आरसा, त्याच्या पुढ्यात कंगवा आणि पावडरचा डबा, मागे जिना नि कारंजं रंगवलेला पडदा, आणि खिळ्याला टांगलेला एक काळा कोट. शेजारी गाठ मारून तयार ठेवलेला टाय, मानेमागे इलॅस्टिकनं अडकवायचा. कोट एकच, गिऱ्हाइकं सगळ्या मापांची. अण्णांना त्याच्या बाह्या चांगल्या चार बोटं आखूड होत्या. उजवा हात त्यांनी खिशात घातलाय.

शाळेत असताना एका मैत्रिणीनं विचारलं, ‘‘तुझे वडील साहेब होते का गं?’’ मी हो म्हणून टाकलं. पुढे कॉलेजात गेल्यावर त्या ‘हो’ची लाज वाटली, आणि राग सगळा त्या कोटावर निघाला. एकदा आईला म्हटलं, ‘‘फोटोग्राफरनं दिला म्हणून काय घालायचा? तू नाही म्हणायचंस की!’’

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘‘तो बिचारा नकोच म्हणत होता. बाह्या आखूड दिसतील म्हणाला. तुझ्या अण्णांनीच हट्ट धरला. म्हणाले, रोजच्या कपड्यातल्या मला तुम्ही रोज बघताच.’’

आणि खिशातला हात? ‘‘बोटांची शाई निघाली नव्हती,’’ एवढंच बोलून ती पुन्हा तांदळात बघू लागली.

पुढे शिकवताना दोन छायाचित्रं मी वर्गात मुद्दाम दाखवत असे. पहिलं आनंदीबाई जोशींचं. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियातल्या महिलांच्या वैद्यकीय कॉलेजात काढलेलं. आनंदीबाई साडीत, शेजारी जपानची केई ओकामी किमोनोत, तिसरी दमास्कसची साबात इस्लांबूली तिच्या देशाच्या पोशाखात. कल्याणची वीस वर्षांची मुलगी परमुलखात कॅमेऱ्यासमोर बसते ती घरची साडी नेसून. पुढच्याच वर्षी ती डॉक्टर झाली आणि १८८७ साली गेलीही.

दुसरं बाबासाहेबांचं, सुटातलं. गावोगावच्या पुतळ्यांतही तोच सूट आहे. कोणी काय ल्यावं, कसं नेसावं हे जिथे जात ठरवत होती, तिथे त्या सुटाला इस्त्रीपलीकडचा अर्थ होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितलं होतं, अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगडं नेसण्याची रीत आणि दागिने टाकून द्या. एकीनं आपला पोशाख सोडला नाही, दुसऱ्यानं लादलेला झुगारला. ‘यातलं खरं कोण?’ असा प्रश्न मुलं विचारायची. मी म्हणायची, दोघांनीही स्वतः ठरवलं होतं ना? हे सांगता सांगता अण्णांचा कोट मला कधी खुपेनासा झाला, ते कळलंही नाही.

असो. स्टुडिओवाला तरुण निघाला, पण कामात पक्का. मी पिशवीतून तीन साड्या काढल्या. पांढरी त्यानं लगेच बाजूला केली. मागचा पडदा पांढरा, नुसता चेहराच तरंगल्यासारखा दिसेल म्हणाला. बारीक चौकड्यांची नको, डिजिटल कॅमेऱ्यात चौकड्यांवर लाटा उठतात. पैठणीच्या जरीवर दिवे चमकतात. मला त्याच्या आजोबांच्या काळातल्या काचेच्या प्लेटा आठवल्या. त्यांना लाल रंग दिसतच नसे. लाल लुगडं काळं उतरायचं आणि निळं पांढुरकं. म्हणजे नेसणारीच्या मनातली साडी तेव्हाही फोटोत यायचीच असं नाही!

‘‘मॅडम, ब्लेझर देऊ?’’ त्यानं विचारलं. खुंटीवर होताच एक, काळा. मी घालून पाहिला. डांबरगोळ्यांचा वास, आणि बाह्या माझ्या बोटांपर्यंत. आरशात काही वाईट दिसत नव्हतं. दोन मिनिटं तशीच उभी राहिले आणि काढून ठेवला. कोट साहेबी म्हणून नव्हे. तेहतीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिले ती साडीत, पदर खोचून. त्या ओळीत पुरुषांसारखं दिसण्याची मला गरज वाटली नाही.

हिरव्या काठाचीच नेसले. मंगळसूत्र निम्मं पदराआड गेलं. जाऊबाईंच्या अजून ते लक्षात आलेलं नाही.

जाताना अण्णांचा फोटोही बरोबर नेला होता. कडेनं वाळवी लागायला लागली आहे, म्हणून नवी प्रत हवी होती. मुलानं तो कॉम्प्युटरवर घेतला, डाग पुसले, गालावरची चीर घालवली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘‘आजोबांच्या बाह्या आखूड आहेत. वाढवून देऊ? कळणारसुद्धा नाही.’’

‘‘नको,’’ म्हटलं. ‘‘त्या तेवढ्याच राहू देत.’’