शेतातलं विज्ञान (लेखांक ७) : पावसाची ओढ आणि भाताचा हिशेब

मागच्या लेखांकात आपण गव्हाचा पाण्याचा ताण पाहिला. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, मुकुटमुळं फुटताना ओल तुटली की गहू कायमचा मागे पडतो. आज तोच प्रश्न डहाणू-तलासरीच्या भाताला विचारू. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पाण्याचा ताण कसला, असं वाटेल. पण हा पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो आणि मध्येच ओढ देतो. २०२३चा ऑगस्ट तर देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

खाचरातलं पाणी आटलं की पहिली खबर मुळांना लागते. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक तयार होऊन पानांपर्यंत पोहोचतं. पानावरच्या सूक्ष्म रंध्रांच्या कडेच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागोमाग पाणीही. पेशी सैल पडतात आणि रंध्रं मिटतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येईनासा होतो, म्हणजे अन्न बनणं मंदावतं. बाष्पीभवनाचा गारवा गेल्यानं पान तापतं. मग ते सुरळीसारखं वळतं, त्यामुळे उन्हाला कमी पृष्ठभाग मिळतो. गहूही हेच करतो. पण गव्हाची मुळं ओलीचा माग काढत खोल उतरतात. भाताची बरीचशी मुळं वरच्या थरातच असतात आणि दरवर्षीच्या चिखलणीनं खाली घट्ट झालेला थर त्यांना आणखी अडवतो.

फुटव्यांच्या काळात आठवडाभराची ओढ पडली तर भात सावरू शकतं. पोटरीत आणि निसवताना मात्र सवलत नाही. पाणी कमी पडलं तर लोंबी पोटरीतून पूर्ण बाहेर येत नाही, परागकोश नीट फुटत नाहीत, फलन होत नाही. नंतर कितीही पाऊस झाला तरी त्या फुलाचा दाणा होत नाही. हाती पळिंज येतं.

म्हणून कोणत्या वावरात कोणतं बियाणं, हा इथला खरा प्रश्न आहे. भात निसवल्यापासून कापणीपर्यंत साधारण ३० दिवस लागतात. १५ जूनला पेरलेलं ११५ दिवसांचं हळवं भात ८ सप्टेंबरच्या सुमारास निसवतं. १४५ दिवसांचं गरवं ८ ऑक्टोबरच्या सुमारास. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीखही ८ ऑक्टोबरच, आणि डहाणू तर मुंबईच्या उत्तरेला. म्हणजे गरवं भात फुलोऱ्यात येतं तेव्हा आभाळाचा भरवसा संपलेला असतो. वरच्या, लवकर निथळणाऱ्या खाचरात हळवं आणि सखल, ओल धरणाऱ्या खाचरात गरवं ही जुनी वाटणी याच हिशेबावर उभी आहे.

डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई का, याचंही उत्तर इथेच मिळतं. ही दोन्ही पिकं पानात कार्बन आधी एका जागी साठवून मग वापरतात. त्यामुळे रंध्रं अर्धवट मिटलेली असतानाही त्यांचं अन्न बनणं चालू राहतं आणि तेवढ्याच पाण्यात ती भात-गव्हापेक्षा जास्त वाढतात.

सूर्या प्रकल्पाचे कालवे किंवा तलासरीचं कुर्झे धरण जिथे पोहोचतं, तिथे एखादं संरक्षित पाणी देता येतं. ते राखायचं कधीसाठी, याचं उत्तर स्पष्ट आहे : पोटरी आणि फुलोरा. जिथे कालवा नाही, तिथे बांधाची फूट वेळीच बुजवून खाचरातलं पाणी अडवावं. आणि शेजाऱ्यानं घेतलं म्हणून गरवं बियाणं घेण्याआधी आपल्या खाचरात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ओल असते का, एवढं पाहावं. नसेल, तर हळवंच पेरावं.