पोलिसांना मदत करणं वेगळं, पोलिसांना विचारणं वेगळं

तुमच्यापैकी कितीजण शांतता समितीच्या बैठकीला गेला आहात? गणपतीच्या आधी, मोहरमच्या आधी बोलावणं येतं. चहा होतो, साहेब सूचना देतात, मंडळांचे कार्यकर्ते माना डोलावतात. ही झाली पोलिसांना मदत. ती हवीच. पण तिला देखरेख म्हणता येत नाही. देखरेख म्हणजे आपण विचारायचं आणि त्यांना उत्तर द्यावं लागायचं.

मदतीची ताकद किती असते, ते भिवंडीत दिसलं. हे यंत्रमागांचं शहर. १९७० आणि १९८४ साली तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागातले पोलीस नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. मग मुंबईनंही तोच मार्ग धरला.

आता अडचण बघा. समिती अधिकाऱ्यानं बोलावलेली. अधिकारी बदलला, की पुढे ती चालेलच असं नाही. आणि समजा, तुमच्या मुलाला कोठडीत मारहाण झाली. त्याच ठाण्याच्या साहेबांसमोर बसून त्याच ठाण्याची तक्रार करणार कशी?

म्हणून दुसरी वाट लागते, कायद्याची. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंह खटल्यात निकाल दिला. राज्य आणि जिल्हा, अशा दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमा, असं त्यात सांगितलं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असावा. कोठडीतला मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार अशा तक्रारी तिथे जाव्यात. जिल्हा पातळीवर तर पैसे उकळणं, घर-जमीन बळकावणं याही तक्रारी घ्याव्यात.

महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. राज्य प्राधिकरण आलं, त्यात नागरी समाजातल्या मान्यवर व्यक्तीला जागाही मिळाली. पण ती व्यक्ती नेमणार सरकार. आणि जिल्ह्याच्या जागी आला विभाग. गडचिरोली येते नागपूर विभागात. मजुरी बुडवून, गाडीभाडं खर्चून तिथवर किती जण जातील? अधिकार कागदावर तोच राहिला, पण अंतर वाढलं की तो आपोआप लहान होतो.

आता एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. २ डिसेंबर २०२० रोजी, परमवीर सिंग सैनी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले. लॉकअप, व्हरांडा, ठाणे अंमलदाराची खोली, सगळीकडे. कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवायला जिल्हा समिती. तिच्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तर आहेतच, पण शहरात महापौर आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा अध्यक्ष यांचीही जागा आहे. म्हणजे आपल्या मतांवर उभा असलेला माणूस!

मग पुढच्या वेळी रस्त्याचं, पाण्याचं निवेदन घेऊन जिल्हा परिषद सदस्याकडे जाल, तेव्हा आणखी तीन प्रश्न न्या. समितीची बैठक शेवटची कधी झाली? आपल्या ठाण्यातले किती कॅमेरे चालू आहेत? रेकॉर्डिंग किती दिवसांचं ठेवलं जातं? तोंडी उत्तर नाही मिळालं, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

यात पोलिसांशी वैर नाही. प्रामाणिक हवालदाराला खोट्या आरोपातून वाचवणारा कॅमेराही तोच असतो. पण तो चालू आहे की नाही, हे विचारायचं काम मात्र आपलं.