केसपेपरवरचा नसलेला रकाना

आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याची आजी औषधाची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली होती. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, एवढेच तिला विचारायचे होते. जेवणानंतरची गोळी ती आठ दिवस उपाशीपोटी घेत होती. सोबतचा केसपेपरही मी सहज पाहिला. नाव, वय, पत्ता, रक्तदाब, सारे होते. या बाईला कोणती भाषा समजते, हे विचारणारा रकाना मात्र नव्हता. मातृभाषा शिरगणतीत विचारतात, शाळेच्या दाखल रजिस्टरातही असते. आजाऱ्याच्या बाबतीत ती कोणाला लागत नाही असे दिसते.

असा रकाना नसणे किती महागात पडते, हे इंग्लंडने 2020 साली पाहिले. कोरोनाच्या साथीत तेथील आशियाई व कृष्णवर्णीय डॉक्टर-परिचारिका एकामागून एक दगावू लागले. लोकांना दिसत होते, पण सिद्ध कसे करणार? मृत्यूच्या नोंदीत वंशाचा उल्लेखच नसे. अखेर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मृत्यूच्या नोंदी 2011 च्या जनगणनेशी जोडल्या आणि 7 मे 2020 रोजी आकडे जाहीर केले. वयाचा फरक हिशेबात घेऊनही कृष्णवर्णीय पुरुषांना कोरोनाने मृत्यू येण्याची शक्यता गोऱ्या पुरुषांच्या 4.2 पट होती.

'त्यांच्या रक्तातच काहीतरी असणार' असे म्हणणारे अशा वेळी निघतातच. पण त्याच जोडलेल्या नोंदींत घर, वस्ती, शिक्षण, आधीचे आजारपण हेही होते. ते हिशेबात धरताच 4.2 चे 1.9 झाले! उरलेला फरकही लहान नव्हे. परंतु बराचसा दोष राहणीमानाकडे जातो, हे आकड्यांनीच दाखवले.

पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठ व लंडनमधील संशोधकांनी 'ओपनसेफली' ही व्यवस्था उभारून 1 कोटी 70 लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. येथे नोंदी जागच्या हलत नाहीत. संशोधकाचा प्रश्न नोंदींपर्यंत जातो आणि बाहेर येते ती फक्त बेरीज. ही खबरदारी उगाच नव्हती. लोकांचा विश्वास न बसल्यामुळे तेथील 'केअर डॉट डेटा' ही सरकारी योजना 2016 साली गुंडाळावी लागली होती. तरीही या नोंदींपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात वंशाचा रकाना रिकामाच निघाला. म्हणजे रकाना नुसता छापून भागत नाही, तो भरणारा माणूसही हवा.

लसीकरणात कोणत्या समाजाचे लोक मागे राहिले, तेही अशाच नोंदींतून कळले. जानेवारी 2021 मध्ये बर्मिंगहॅमच्या एका मशिदीत लसीकरण केंद्र उघडले. आरोग्याची माहिती उर्दू, बंगाली, पंजाबी, गुजरातीतून निघाली.

आकड्याचे मोल आम्हां सीमावासीयांना नव्याने सांगायला नको. तालुक्यात अल्पसंख्य भाषिक 15 टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, हा संकेत शिरगणतीवरच उभा आहे. दवाखान्याचा आकडा मात्र आपल्याजवळ नाही. भाषेची नोंद झाली तर तिचा उपयोग भलत्याच कामासाठी होईल, अशी शंका काही मंडळी घेतात. ती रास्त आहे. म्हणूनच नाव बाहेर जाऊ नये, बेरीज तेवढी जावी.

समितीच्या पुढील बैठकीत 'रुग्णास समजणारी भाषा' असा रकाना केसपेपरवर मागण्याचा ठराव मी मांडणार आहे. गावोगावच्या शिक्षकबंधूंनी तोपर्यंत एक करावे. चिठ्ठी वाचून घ्यायला आपल्याकडे महिन्यात किती जण येतात, तेवढी संख्या वहीत टिपून ठेवावी. नावे लिहू नयेत.