फाइल उतरवण्याआधी तिचे वजन बघूया

आजचा विषय आमच्या गटाला अठराशे रुपयांना शिकायला मिळाला. तुम्हाला तो फुकटात सांगतो.

आमचा गट अकोले तालुक्यातल्या डोंगरकपारीतल्या गावातला. आम्ही नागलीचे पापड करतो. मागच्या वर्षी शहरातल्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळण्याची संधी आली. फॉर्म व्हॉट्सॲपवर येणार होता आणि भरून पाठवण्याची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. गटाचा सगळा कारभार सचिवताईंच्या फोनवर, आणि फोनला रेंज येते ती गावाबाहेरच्या टेकाडावर. सकाळी अकरा वाजता ताई आणि आम्ही दोघी-तिघी तिथे जाऊन बसलो. फॉर्म आलेला होता. ताईंनी बोट लावले. हिरवा गोल फिरायला लागला. फिरत राहिला. रेंजच्या दोन काड्या दिसत होत्या, म्हणून आम्हाला वाटले, आज नेटला काहीतरी झाले आहे. मधेच रेंज जायची आणि गोल थांबायचा. ऊन चढले, मावशी भाकरी घेऊन वर आल्या, तरी फॉर्म काही उघडेना. पाच वाजून गेले. मध्यरात्रीनंतर कधीतरी तो उतरला. मुदत संपून सात तास झाले होते.

तीस किलो पापड व्यापाऱ्याला द्यावे लागले, किलोमागे साठ रुपये कमी घेऊन.

पुढे ताईंचा भाचा सुट्टीला आला. त्याने फोन हातात घेतला आणि फॉर्मच्या खालचा बारीक आकडा दाखवला. अडतीस एमबी. तो आकडा सोमवारी सकाळीही तिथेच होता. आम्ही तो बघितला नव्हता, आणि बघितला असता तरी आम्हाला कळला नसता, हे खरे.

म्हणून आधी हा आकडा वाचायला शिकू. फोनमधली प्रत्येक वस्तू, मग तो फोटो असो, गाणे असो की सातबारा, एका मापाने मोजली जाते. सगळ्यात लहान दाणा म्हणजे बाइट. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये बसते. आपल्या मराठीच्या प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रा-वेलांटीला बहुतेक वेळा तीन-तीन बाइट लागतात. 'कळसूबाई' हा शब्द पाठवला तर एकवीस बाइट होतात. हजार बाइटांचा एक केबी, हजार केबींचा एक एमबी, हजार एमबींचा एक जीबी. काही ठिकाणी हजाराऐवजी १०२४ धरतात. आपल्याकडे पायलीचे माप जसे गावागणिक थोडे बदलायचे तसेच हे. आपल्या हिशेबाला हजार पुरेत.

फोनवर ही अक्षरे इंग्रजीत असतात, आणि आमच्यातल्या निम्म्या जणींना इंग्रजी येत नाही. आम्ही खुणा ठरवल्या. आकड्यापुढे दोन शिखरांचा डोंगर दिसला की एमबी. उभी काठी आणि तिला फुटलेल्या दोन फांद्या म्हणजे केबी, हलकी वस्तू. उघड्या तोंडाचा गोल म्हणजे जीबी. गोल दिसला की बोट मागे घ्यायचे. दुसरे अक्षर तिन्हींत सारखेच, त्याकडे लक्ष द्यायचे नाही. आकडा लहान की मोठा यापेक्षा हे पहिले अक्षर जास्त महत्त्वाचे आहे. ९०० केबी हे २ एमबीपेक्षा कमी आहे, पण आमच्या मावशी पहिले दोन महिने नऊशे बघून दचकत होत्या.

आता अंदाज यावा म्हणून काही वजने सांगतो. साधा लिहिलेला निरोप एक केबीच्या आसपास. एक मिनिटाचा आवाजी निरोप शंभर-दीडशे केबी. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो शे-दोनशे केबी, कारण व्हॉट्सॲप तो आवळून पाठवते. तोच फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच पाठवला तर तीन-चार एमबी. आणि चांगल्या कॅमेऱ्यावर काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ शंभर एमबीच्याही पुढे जातो. हा कार्यक्रम तुम्ही रेडिओवर ऐकता तेव्हा एकही केबी खर्च होत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता त्या सोमवारी नेमके काय झाले ते बघा. ताईंच्या फोनला दिवसाला एक जीबीचा पॅक होता. तो सकाळी दहालाच संपला होता. कसा संपला? फोन घेतला तेव्हा मुलाने सगळे आपोआप उतरेल अशी सोय करून ठेवली होती. प्रशिक्षणाचे चार व्हिडिओ आले होते, ते कोणी न मागता उतरले. वर एका ॲपचे अपडेट. दिवसाचा डेटा संपला की नेट बंद पडत नाही, ते रांगायला लागते. पॅकच्या माहितीत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की त्यानंतर वेग ६४ केबीपीएस राहील. चौसष्ट म्हणजे बरेच वाटते. पण इथे एक मेख आहे. नेटचा वेग बिटांत सांगतात आणि फाइलचे वजन बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे चौसष्टला आठने भागा, हातात राहिले आठ. सेकंदाला आठ केबी. एक एमबी उतरायला दोन मिनिटांपेक्षा जरा जास्त लागतात. अडतीस एमबीला सव्वा तासाच्या वर, तेही रेंज एकदाही गेली नाही तर. टेकाडावर रेंज दर पाच मिनिटांनी जात होती.

हा हिशेब सकाळी अकराला आमच्याकडे असता तर आम्ही तिथे बसून राहिलो नसतो. जास्तीच्या डेटाचे छोटे रिचार्ज मारले असते, नाहीतर दुपारच्या एसटीने राजूरला जाऊन फॉर्म काढला असता. नाहीतर पाठवणाऱ्यांना फोन करून म्हटले असते, दादा, फार जड आहे, हलका करून पाठवा. आम्ही यातले काहीच केले नाही, कारण अडचण रेंजची आहे अशीच आमची समजूत होती.

आता आकडा कुठे सापडतो ते बघू. व्हॉट्सॲपवर ते सोपे आहे. न उतरलेला फोटो किंवा व्हिडिओ धूसर दिसतो आणि त्यावर खाली जाणाऱ्या बाणाशेजारी वजन लिहिलेले असते. पीडीएफ असेल तर नावाखाली पाने किती, वजन किती आणि प्रकार कोणता, असे एका ओळीत येते. पण हे बघायला वेळ तेव्हाच मिळतो जेव्हा फोन आपोआप उतरवत नाही. त्यासाठी सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा उघडा. तिथे मीडिया आपोआप डाउनलोड होण्याचा भाग आहे. त्यात 'मोबाइल डेटा वापरताना' यावर बोट लावले की फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आणि कागदपत्रे अशा चार खुणा दिसतील. चारही काढून टाका. आवाजी निरोप तरीही आपोआप येतात, पण ते हलकेच असतात. घरी किंवा ग्रामपंचायतीत वाय-फाय चालत असेल तर तिथल्या खुणा राहू द्यायला हरकत नाही. आम्ही मागच्या बैठकीत एकेकीचा फोन घेऊन हे काम केले. बारा फोन, पाऊण तास. त्यात दोघींच्या फोनमध्ये जागाच शिल्लक नव्हती, सगळी सुप्रभातच्या फुलांनी भरलेली.

सरकारी कागदांसाठी एक चांगली गोष्ट आहे, ती फार जणींच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांची जी यादी असते, तिच्यात विभाग, विषय, सांकेतांक आणि तारीख यांच्याबरोबर फाइलचा आकार सांगणारा वेगळा रकाना आहे. तो केबीत असतो. तिथे १२५० लिहिले असेल तर समजा सव्वा एमबी. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर जाहिराती, याद्या, अर्जाचे नमुने असतात, तिथेही 'पहा' या शब्दाशेजारी कंसात वजन दिलेले असते. उतरवायच्या कागदाचा प्रकार आणि आकार लोकांना आधी सांगावा, असे सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नाही. एखाद्या कार्यालयाने ते लिहिले नसेल तर विचारायला लाजू नका.

प्ले स्टोअरमधून ॲप घेताना त्या ॲपच्या पानावर 'या ॲपविषयी' असे दिसते. ते उघडून तळाशी गेले की डाउनलोडचा आकार मिळतो. गूगल ड्राइव्हची लिंक आली तर फाइलच्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर बोट लावून तपशील बघा.

राहिली साधी लिंक, जिच्यावर काहीच लिहिलेले नसते. तिथे आतली गंमत अशी आहे. आपण बोट लावतो तेव्हा आपला फोन दूरच्या संगणकाला निरोप धाडतो. तो संगणक माल पाठवण्याआधी पुढे एक चिठ्ठी पाठवतो, या वस्तूचा प्रकार अमुक, लांबी इतके बाइट. पार्सलवर आधी वजन लिहितात तसेच. नुसती चिठ्ठी पाठव, माल नको, असेही विचारता येते. तशी सोय इंटरनेटच्या १९९६ सालच्या नियमांतही आहे. आपल्या फोनवर ते बटण नसते. पण आपण उतरवायला सुरुवात करायची, लगेच वरची पट्टी खाली ओढायची किंवा ब्राउझरचे डाउनलोडचे पान उघडायचे. तिथे बहुतेक वेळा एकूण किती आणि आले किती ते दिसते. जड वाटले तर तिथेच थांबवायचे. तोवर गेला तो थोडासाच डेटा. कधी कधी एकूण आकडा येतच नाही, नुसती रेघ पळत राहते. एखादा कागद तुम्ही मागितल्यावर त्याच क्षणी तयार होत असला की असे होऊ शकते. पीठ अजून जात्यातून पडतेच आहे, त्याचे वजन आधी कोण सांगणार?

आकड्याकडे बघताना शेजारचा प्रकारही वाचायचा, आणि हे मात्र कान देऊन ऐका. सध्या लग्नपत्रिकेच्या, दंडाच्या पावतीच्या किंवा सरकारी योजनेच्या नावाने फाइली येतात आणि त्यांच्या नावाच्या शेवटी एपीके असते. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. ते बसवले आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या की समोरचा माणूस आपले एसएमएस वाचू शकतो, त्यात बँकेचा ओटीपीही आला. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एका पानाची पत्रिका आठ-दहा एमबीची आणि शेवटी ही तीन अक्षरे, असे दिसले की ती उघडायची नाही, मग पाठवणारी सख्खी जाऊ असली तरी. तिच्या फोनवरून ते आपोआप गेलेले असू शकते. आधी तिला फोन करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा आणि बँकेला सांगा.

आणि आपण स्वतः पाठवतो तेव्हा? आमचा तो फॉर्म फक्त चार पानांचा होता. कोणीतरी मोठ्या कॅमेऱ्याने प्रत्येक पानाचा फोटो काढून त्याची पीडीएफ केली होती, म्हणून तो अडतीस एमबीचा झाला. टाइप केलेली चार पाने काही शे केबीत बसली असती. बारा जणींच्या गटात अडतीस एमबी टाकले की मिळून साडेचारशे एमबींच्या वर खर्च होतो, आणि तो प्रत्येकीच्या रिचार्जमधून जातो. आम्ही आता स्कॅन करताना लहान आकार निवडतो आणि काहीही टाकताना वर एक ओळ लिहितो: बँकेचा फॉर्म, तीन पाने, सहाशे केबी, शुक्रवारपर्यंत. ज्यांना लागेल त्या उतरवतात. आमच्या सचिवताईंना सुरुवातीला हे फार किचकट वाटले होते. आता कोणी वजन न लिहिता व्हिडिओ टाकला की त्याच पहिल्या विचारतात, किती एमबी गं?

यंदा प्रदर्शनाचा फॉर्म आला तो ताईंनी घरून निघण्याआधी बघितला. ७२० केबी. आकडा त्यांनी मोठ्याने वाचला, मावशींनी काठी आणि फांद्या ओळखल्या. टेकाडावर जायला जेवढा वेळ लागला, त्याच्या दहाव्या हिश्श्यातही फॉर्म उतरला नाही असे झाले नाही. सही-शिक्क्यासह दुपारी दोनला तो परत पाठवला. स्टॉलची यादी अजून लागायची आहे.