जेवणाची सुट्टी वहीत दिली, पण खरंच मिळाली का?

हजेरीवहीत आपण माणूस किती वाजता आला आणि गेला ते लिहितो. मधल्या सुट्टीचा रकाना मात्र बहुतेकांच्या वहीत नसतो, किंवा असला तरी अंदाजाने भरलेला असतो.

आधी माझीच चूक सांगतो. २०१९ च्या लग्नसराईत माझ्या कापड दुकानात ११ माणसं होती. वहीत रोज सगळ्यांसमोर एकच वेळ, दुपारी २ ते २.३०. महिनाअखेरीस मीच बसून भरायचो. एका संध्याकाळी काउंटरवरच्या मुलाने १,८५० चं बिल १,५८० केलं. मी चिडलो. तो म्हणाला, "दादा, सकाळपासून डबा उघडला नाही." आणि वहीत त्याची सुट्टी लिहिलेली! शिवाय ११ जण एकदम जेवायला गेले, तर दुकान कोण सांभाळत होतं? ती वही खोटी होती आणि ती मी लिहिली होती.

नियम काय?
महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात (२०१७) दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्यात सलग २४ तासांची सुट्टी. जादा कामाला दुप्पट दर. हे नियम १० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बदल मंजूर केले: ९ चे १० तास, विश्रांती ५ ऐवजी ६ तासांनंतर, आणि मर्यादा २० कामगारांची. त्यामुळे तक्ता करण्याआधी आज लागू असलेला नियम आपल्या सल्लागाराकडून तपासून घ्या.

पैशाचा हिशोब
२०१७ च्या आकड्यांनी बघा. माणूस सकाळी १० ते रात्री ८ दुकानात. एक तास सुट्टी दिली आणि लिहिली, तर काम ९ तास. लिहिलीच नाही, तर कागदावर १० तास दिसतात, म्हणजे रोज एक तास दुप्पट दराने. सुट्टी देऊनही पुरावा नाही!

मी आता काय करतो?
१. रोज चार वेळा लिहायच्या: आला, जेवायला गेला, परत आला, घरी गेला. ज्याची त्याने, त्याच क्षणी, सहीसकट.
२. जेवणाच्या तुकड्या पाडल्या. पहिली १२.३० ला निघते, शेवटची ३ च्या आत परत येते.
३. जेवताना गिऱ्हाइकासाठी उठवलं, तर ती सुट्टी धरायची नाही. पुन्हा पूर्ण अर्धा तास द्यायचा.
४. शनिवारी पाच मिनिटं वही चाळायची. एकाच माणसाची सुट्टी सारखी हुकत असेल, तर तुकड्यांची आखणी चुकली आहे. त्याला बोलू नका, आखणी बदला.

"सर, माझ्याकडे तीनच माणसं आहेत," असं तुम्ही म्हणाल. कायदा लागू नसला तरी भूक सगळ्यांना सारखीच लागते. आणि तीन माणसांत लागलेली सवय पुढे तेवीस माणसांत टिकते.

उद्या दुकान उघडलं की एवढंच करा: वहीत दोन रकाने जास्तीचे आखा. आठवड्याने ते वाचा. कोण उपाशी राहतंय ते कळेल.