पोलाद, कोळसा आणि रुपया : भिलाईच्या वाटाघाटी

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात नवी दिल्ली येथे एक करार झाला. वर्षाला १० लाख टन पोलादी पिंडांचे उत्पादन करणारा कारखाना उभारण्यास सोव्हिएत संघाने त्यान्वये साहाय्य द्यावयाचे होते. त्यासाठी निवडले गेलेले भिलाई हे गाव दुर्ग जिल्ह्यातील. आणि ज्या मध्य प्रदेशात तो जिल्हा त्या वेळी मोडत असे, त्याची राजधानी नागपूर होती, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या स्मरणात नसते.

यंत्रसामग्रीच्या किमतीइतके कर्ज सोव्हिएत संघाने देऊ केले. व्याज शेकडा अडीच, फेड १२ वार्षिक हप्त्यांत. पाश्चात्य देशांकडून मिळणाऱ्या कर्जांचे दर याहून बरेच चढे होते. तथापि खरे महत्त्व व्याजदरापेक्षा फेडीच्या चलनाला होते. हप्ते रुपयांत भरावयाचे आणि त्या रुपयांतून सोव्हिएत संघाने मुख्यतः भारतीय माल विकत घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था होती. तिचा पाया १९५३ च्या व्यापारी कराराने घातला गेला होता. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला चहा, ताग आणि कातडी देऊन झोतभट्ट्या मिळवता येणे, ही लहानसहान सवलत नव्हे.

त्याच सुमारास राउरकेल्यासाठी पश्चिम जर्मनीशी आणि दुर्गापूरसाठी ब्रिटनशी बोलणी चालू होती. एका देशाने मान्य केलेल्या अटी दुसऱ्यापुढे ठेवता येणे, हे तटस्थ राष्ट्राच्या हाती आलेले मोठेच साधन होते.

येथे वाचकाने एक भेद लक्षात घ्यावा. यंत्रे परदेशातून आली, कोळसा मात्र स्वदेशीच होता. लोहखनिज दल्ली-राजहरा येथून आणि चुनखडी नंदिनीहून, म्हणजे जवळूनच मिळे. परंतु कोक करण्याजोगा कोळसा दूरच्या झरिया आणि बोकारो क्षेत्रांतून रेल्वेने आणावा लागे. या कोळशात राख फार. राख वाढली की तेवढ्याच लोखंडासाठी कोक अधिक जाळावा लागतो, मळीही वाढते आणि भट्टीचे उत्पादन घटते. म्हणून यंत्रे देणारा पक्ष उत्पादनाची हमी देतो तेव्हा कच्च्या मालाच्या गुणवत्तेची अट घालतोच. उत्पादन कमी पडले तर दोष यंत्राचा की कोळशाचा, या प्रश्नाचे उत्तर करारातील अशाच एखाद्या रूक्ष परिशिष्टात दडलेले असते. राजनैतिक मेजवान्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. राखेच्या टक्केवारीवर झालेला वाद कोणी छापत नाही. करगली येथे कोळसा धुण्याचा कारखाना १९५८ मध्ये उभा राहिला, तो याच गरजेपोटी. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली.

पुढे रांचीचा अवजड यंत्रांचा कारखाना, तोही सोव्हिएत साहाय्यानेच, उभा राहिला आणि विस्ताराच्या वेळी कोणती यंत्रे येथे घडवावयाची व कोणती आणावयाची, हा वाटाघाटींचा नवा विषय झाला. कोळशाची गोष्ट उलट दिशेने गेली. देशी कोळशातील राखेवर उतारा म्हणून ऑस्ट्रेलियादी देशांतून कमी राखेचा कोळसा आणून तो मिसळावा लागला. जो माल १९५५ मध्ये घरचा होता, त्याच्यासाठीच आता परराष्ट्रांशी बोलणी करावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये पूर आला की इकडे भाव चढतात.

एकाच देशावर विसंबून राहण्याचा हा धोका कमी करण्यासाठी भारत पुन्हा मॉस्कोकडे वळला. ऑक्टोबर २०२१ मध्ये रशियाबरोबर कोकिंग कोळशाविषयी सामंजस्य करार झाला. काही महिन्यांतच युक्रेनचे युद्ध पेटले, निर्बंध आले आणि पैसे कोणत्या चलनात द्यावयाचे, हा जुना प्रश्न पुन्हा पुढे उभा राहिला. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापाराचे व्यवहार रुपयांत मिटविण्याची मुभा दिली. मात्र १९५५ मध्ये रुपये घेणाऱ्याला ते कशावर खर्च करावयाचे हे ठाऊक होते. २०२३ मध्ये रशियाची भारतातील खरेदी त्याच्या विक्रीच्या मानाने फारच थोडी असल्याने रुपये साठून राहिले, आणि बोलणी तेथेच अडली.