ऊसबिल, मोटर आणि आमदार
आम्हा बेळगावकरांच्या दाराशी २०१२ पासून सुवर्ण विधानसौध उभे आहे. बहुतेक वर्षी हिवाळी अधिवेशन इथेच भरते.

माझे काका खानापूर तालुक्यात ऊस लावतात. कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवे. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. काकांचे बिल दोन महिने अडकले. त्यातच विहिरीवरची मोटर, केबल चोरीला गेली. मोटर गेली की पाणी थांबते, पाणी थांबले की पीक वाळते. शेती आणि चोरी हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच.

ग्रामीण आमदाराने तारांकित प्रश्न विचारला, की मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. मित्रांनो, अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना पत्र लिहा. गावात किती बिले थकली, किती मोटरी गेल्या, तारखांसह कळवा.